धाप लागते, व्हॉल्व्ह गळतो: निदान-उपचारातल्या या चुका टाळा

धाप आणि छातीत घरघर दिसली की हात नेब्युलायझरकडे जातो. पण मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप) जोरात गळत असेल तर रक्त उलटं वरच्या डाव्या कप्प्यात येतं, फुफ्फुसात पाणी साचतं आणि घरघर अगदी दम्यासारखीच होते. आडवं पडल्यावर धाप वाढते का, उशा वाढवाव्या लागतात का, हे विचारल्याशिवाय दम्याचा शिक्का मारू नका. पंप नीट घेऊनही उतार नसेल तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) हवाच.

छातीला स्टेथोस्कोप लावला, गळतीचा आवाज नाही, म्हणून गळती नाही असंही नसतं. हार्ट अटॅकनंतर पहिल्या आठवड्यात झडपेला धरून ठेवणारा स्नायू फाटला तर दोन्ही कप्प्यांतला दाब झटकन सारखा होतो आणि आवाज अगदी मंद येतो, कधी येतच नाही. अशा वेळी एक्स-रेत कधीकधी फक्त उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतो आणि न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक सुरू होतं. रुग्णाला खरी गरज असते तातडीच्या शस्त्रक्रियेची.

सगळ्यात घातक गैरसमज ईएफचा, म्हणजे दर ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं त्या आकड्याचा. ‘ईएफ ६० टक्के, हृदय उत्तम’ असं ऐकून माणसं निर्धास्त घरी जातात, याचं फार वाईट वाटतं. गळक्या व्हॉल्व्हमध्ये बाहेर फेकलेल्या रक्तातलं बरंचसं मागेच जातं, त्यामुळे हा आकडा फुगलेला असतो. झडपच बिघडून गळती तीव्र झाली असेल, तर ईएफ ६० किंवा त्याखाली येणं, अथवा आकुंचनाअखेर डाव्या खालच्या कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटर किंवा जास्त भरणं, हा त्रास नसतानाही सर्जनला भेटण्याचा इशारा आहे. धाप लागत असेल तर या आकड्यांची वाट बघायचीच नाही. शक्य तिथे झडप बदलण्यापेक्षा दुरुस्ती बरी.

हृदयच फुगल्यामुळे झडप गळत असेल तर क्रम वेगळा: आधी हृदय निकामी होण्यावरची औषधं पूर्ण मात्रेत, मग क्लिपचा (नळीवाटे झडपेला चिमटा लावण्याचा) विचार.

इको कधी केला हेही पाहा. लघवीचं औषध देऊन बीपी उतरल्यावर गळती कमी दिसते. रिपोर्टवर त्या वेळचं बीपी लिहून घ्या.

आपल्याकडे तरुणांमध्ये या आजाराचं मूळ अनेकदा लहानपणीच्या रुमॅटिक तापात (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या, झडपा खराब करणाऱ्या आजारात) असतं. तो ताप परत येऊ नये म्हणून दिलेलं त्यांचं दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन बरं वाटलं म्हणून थांबवू नका. ऑपरेशननंतरही ते सहसा चालूच ठेवावं लागतं. कधी बंद करायचं ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील.