इनडिझाइन मेमरी खातंय? रॅम घेण्याआधी दोषी पान शोधा

गणपती जवळ आले की इंदूरमधल्या मराठी मंडळांच्या स्मरणिका एकदम अंगावर येतात, आणि त्याच दिवसांत डीटीपीवाल्यांचं (छपाईसाठी पानं मांडणाऱ्यांचं) पानं मांडायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन हँग व्हायला लागतं. मग ज्याला विचारावं तो सांगतो, रॅम वाढव. दुसरा म्हणतो, टेम्प फाइल्स उडव. टेम्प फाइल्स उडवून डिस्कवर जागा होते, मेमरीला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि कुणी अजून पेजमेकर ७ या जुन्या पानमांडणीच्या प्रोग्रॅमवर काम करत असेल, तर नवी रॅम त्याच्या कामाचीच नाही. तो ३२-बिट प्रोग्रॅम आहे, मशीनमध्ये कितीही रॅम घाला, त्याची मर्यादा ठरलेली. इनडिझाइन २०१३ च्या सीसीपासून ६४-बिट आहे, म्हणून तिथे रॅम कामी येते, पण दोष फाइलमध्ये असेल तर तीही पुरत नाही.

आधी मोजा. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये कॉलमच्या नावावर राइट-क्लिक करून ‘कमिट साइज’ (प्रोग्रॅमने एकूण मागून घेतलेली मेमरी) हा कॉलम लावा. नेहमीच्या ‘मेमरी’ कॉलमवर जाऊ नका. दुसऱ्या प्रोग्रॅमला जागा लागली की विंडोज काही भाग डिस्कवर ढकलतं, तो आकडा खाली येतो आणि आपल्याला वाटतं दुखणं गेलं.

मग इनडिझाइनचाच भार कमी करा: ‘व्ह्यू’मधून ‘डिस्प्ले परफॉर्मन्स’ला ‘टिपिकल’ करा. खालच्या पट्टीतलं प्रीफ्लाइट (फाइलमधल्या चुका सतत तपासणारी सोय) बंद करा.

आता खरं काम. दोष बहुतेक वेळा एकदोन पानांतच असतो, पण नुसतं बघून ते पान ओळखू येत नाही. फाइल अर्धी करत जायची. माझे सुरुवातीला सर्वांत जास्त तास इथेच गेले, म्हणून सविस्तर सांगतो.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. ‘सेव्ह अ‍ॅज’ने दोन कॉपी करा, एकीतून पुढची अर्धी पानं उडवा, दुसरीतून मागची. लेख पुढच्या पानांवर वाहत असेल तर मजकूर ओव्हरसेट होऊन (चौकटीत न मावून) लाल खूण दिसेल, कॉपीच आहे, लक्ष देऊ नका. आणि लगेच मेमरी बघू नका! उडवलेली पानं अनडूसाठी धरून ठेवलेली असतात आणि एकदा घेतलेली मेमरी प्रोग्रॅम लगेच परत करत नाही. आकडा तसाच दिसतो, माणूस म्हणतो या पानांचा दोष नाही, आणि चुकीच्या अर्ध्यात शोधत बसतो. कॉपी नव्या नावाने सेव्ह करा, इनडिझाइन पूर्ण बंद करा, परत उघडा, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत सारख्याच झूमवर जा, आणि मग आकडा लिहा. ज्या अर्ध्याचा आकडा जड, तोच परत अर्धा करा, दर वेळी हेच. कंटाळवाणं आहे, पण ६४ पानांच्या फाइलला सहाच फेऱ्या लागतात.

दोन्ही अर्धे सारखेच जड निघाले तर पानं सोडा आणि मास्टर पेज (सगळ्या पानांमागचा सामाईक साचा) बघा. नव्या आवृत्तीत त्याला ‘पॅरेंट’ म्हणतात. सगळ्या पानांभोवतीची नक्षीची बॉर्डर, तिला ड्रॉप शॅडो, वर ट्रान्सपरन्सी असा थाट तिथेच सापडतो.

पान सापडलं की त्यावर काय शोधायचं? पहिला संशय पेस्ट केलेल्या गोष्टींवर. राजवाड्याजवळच्या दुकानांच्या जाहिराती कोरलड्रॉमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये बनून येतात आणि घाईत सरळ कॉपी-पेस्ट होतात. इलस्ट्रेटरमधून पेस्ट केलेली ट्रेस (चित्रावरून आपोआप रेषा काढलेली) नक्षी हजारो पॉइंट्ससकट इनडिझाइनचीच होऊन बसते, आणि पेस्ट केलेली कुठलीच गोष्ट ‘लिंक्स’ पॅनेलमध्ये दिसत नाही. म्हणून नुसतं ते पॅनेल बघून ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. उपाय एकच: जाहिरातीची पीडीएफ करा आणि पेस्ट न करता ‘प्लेस’ करा, म्हणजे ती लिंक म्हणून येते. पेस्ट मी दुकानात कुणालाच करू देत नाही.

दुसरा संशय फोटोंवर. ‘लिंक्स’मध्ये ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ (लावलेल्या आकारात दर इंचाला किती पिक्सेल) बघा. ६०००×४००० पिक्सेलचा फोटो जेपीईजी म्हणून डिस्कवर लहान दिसतो, पण उघडल्यावर आरजीबीत ७२ एमबी होतो. तोच ४ इंच रुंदीत लावला तर १५०० पीपीआय. छपाईला ३०० पुरतात, म्हणजे १२००×८०० पिक्सेल, साधारण २.९ एमबी. पंचविसाव्या भागात काम होतं. फोटोशॉपमध्ये कॉपी लहान करून परत लिंक करा, मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले अध्यक्षांचे फोटो मेमरीला त्रास देत नाहीत, ते छापून आल्यावर त्रास देतात, पण तो वेगळा विषय.

स्क्रायबस हा मोफत पानमांडणीचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना हेच ‘एक्स्ट्राज’मधल्या ‘मॅनेज इमेजेस’मध्ये दिसेल. मोठ्या फोटोंवर राइट-क्लिक करून प्रीव्ह्यू ‘लो रिझोल्यूशन’ ठेवा, पीडीएफवर परिणाम होत नाही.

फाइल जुनी असेल, दर वर्षी त्याच स्मरणिकेवर नवी चढवलेली असेल, तर शेवटी आयडीएमएल (इनडिझाइनची अदलाबदलीची फाइल) एक्स्पोर्ट करून तीच उघडा आणि नव्या नावाने सेव्ह करा. साचलेला कचरा जातो. लोक हे सगळ्यांत आधी करायला सांगतात, पण हजारो पॉइंट्सची नक्षी आयडीएमएलमधून जशीच्या तशी परत येते.

न लागणारे फॉन्ट बंद ठेवा.

एवढं करून काम हलकं चालतं, फक्त पीडीएफ काढतानाच अडकतं, तर १६-१६ पानांचे तुकडे काढून अ‍ॅक्रोबॅटमध्ये जोडा. ज्या तुकड्यावर अडकेल तो परत अर्धा करा. आणि तुकडे नीट निघूनही ८ जीबीच्या मशीनवर रोज हेच होत असेल, तर मात्र खुशाल १६ जीबी करा.