मिरगाआधी छाट कलमांची तयारी

छाट कलम म्हणजे झाडाच्या फांदीचा तुकडा रेतीत खोचून त्यालाच मुळं फुटवायची. पण फांदी तोडून आणायची आणि मग कुंडी शोधत फिरायचं, असं केलं की निम्मी कलमं लावण्याआधीच हातची जातात. छाटलेल्या फांदीची पानं पाणी उडवत राहतात आणि खालून ओढायला मुळंच नसतात. म्हणून सगळी तयारी आधी, फांदी अगदी शेवटी. आपल्याकडे गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची मिरची, सोलं, सुकी मासळी घ्यायला म्हापशाच्या बाजारात जाल, तेव्हापासूनच हे सामानही जमवायला लागा.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून घ्या. देशावरच्या कोरड्या हवेसाठी दिलेल्या सूचना गोव्यात जशाच्या तशा चालत नाहीत. तिकडे कलम वाळून मरतं, इकडे कुजून. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जुलैत हवेतच एवढी ओल असते की कलमावर प्लास्टिकची पिशवी घालायची गरज सहसा पडत नाही, घातलीच तर बुरशी लवकर धरते. तेव्हा आपली अर्धी तयारी पाणी निचरून कसं जाईल याचीच.

पहिल्यांदा जागा बघा. पडवीची कड, जिन्याखालचा उजेडाचा कोपरा, पत्र्याच्या छपराखालची बाजू, काहीही चालेल. उजेड भरपूर हवा, दुपारचं ऊन थेट नको, आणि कौलांची पागोळी कुंडीत पडता कामा नये. ती धार एका रात्रीत रेती उडवते आणि कलम आडवं करते. कुंड्या जमिनीला टेकवू नका. दोन चिरे मांडून वर फळी टाका, म्हणजे भोकं मोकळी राहतात. कुंडीखाली बशी तर नकोच, साचलेल्या पाण्यात डास होतात आणि पावसाळ्यात डेंगीची भीती असतेच. गोगलगायी चिऱ्यावरूनही चढतात आणि कोवळा फुटवा रात्रीत फस्त करतात. त्यांना जेवणानंतर टॉर्च घेऊन हातानं वेचणं हाच माझ्या मते खात्रीचा उपाय.

कुंड्या विकत घ्यायला हव्यात असं नाही. दुधाच्या पिशव्या, तेलाचे कापलेले कॅन, पाण्याच्या अर्ध्या बाटल्या धुऊन ठेवा आणि तळाला चार-पाच भोकं पाडा. भरायला काय घालायचं, यावर मात्र जास्त लक्ष द्या. अंगणातली तांबडी माती एकटी वापरली तर पावसात तिचा चिखल होतो, सुकल्यावर ती घट्ट बसते, आणि दोन्ही वेळा मुळांना हवा मिळत नाही. नदीची जाड रेती घ्या आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. समुद्राची रेती घराजवळ फुकट मिळते म्हणून आणू नका. तिच्यात मीठ असतं, शिंपल्यांचा चुरा असतो, आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाही. नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे दुकानात मिळणारं कोकोपीट, दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या, कारण त्यातही क्षार असतात. पुस्तकांत बहुधा रेती आणि कोकोपीट निम्मं-निम्मं सांगतात. इथल्या पावसाळ्यासाठी मी तीन वाटे रेती आणि एक वाटा कोकोपीट घेईन. शेणखत आत्ता नको, मुळं फुटल्यावर.

धारदार कात्री किंवा ब्लेड हवं. बोथट कोयत्यानं साल चेचली जाते आणि कूज तिथूनच शिरते. प्रत्येक झाड बदलताना पातं स्पिरिटनं पुसा. मुळं फुटण्याची पावडर शेतीच्या दुकानात मिळते. लागेल तेवढी कागदावर ओता आणि उरलेली टाकून द्या, ओली फांदी डबीत बुडवली की सगळी पावडर खराब होते. जास्वंद आणि क्रोटनला ती लागत नाही, बोगनवेल आणि मोगऱ्याला उपयोगी पडते. मध किंवा दालचिनी लावणारे बरेच भेटतील, पण त्यांत मुळं फुटवणारं संप्रेरक नसतं.

झाडांचा क्रमही आधी ठरवून ठेवा. खुरचाफा (सोनचाफा नव्हे) सगळ्यात आधी, एप्रिल-मेमध्येच, कारण त्याच्या जाड फांदीत चीक असतो. ती तोडून आठवडाभर सावलीत सुकवावी लागते, भर पावसात लावली तर कुजते. मिरीचा वेल लावायचा असेल तर त्याहूनही आधी सुरुवात करावी लागते. कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, वेलाच्या बुडाशी जमिनीवर धावणारे फुटवे वर गुंडाळून ठेवतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचे दोन-तीन डोळ्यांचे (डोळा म्हणजे पान जिथून फुटतं ती गाठ) तुकडे पिशव्यांत लावतात, म्हणजे जूनला रोपं तयार असतात. जास्वंद, मोगरा, अबोली, तगर पाऊस स्थिरावल्यावर. कण्हेरही लागते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. हात धुवा आणि छाटलेली पानं मुलांच्या, गुरांच्या वाटेत टाकू नका. मानकुरादची फांदी मात्र कुणी आग्रहानं दिली तरी रेतीत खोचू नका, आंब्याला कोय कलम किंवा भेटकलम असं दुसऱ्या रोपावर बांधलेलं कलमच लागतं.

आता फांदी. शेजारच्या काकींच्या दारातली दुहेरी जास्वंद हवी असेल तर आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि सकाळी जा, तेव्हा फांदीत पाणी भरलेलं असतं. पेन्सिलीएवढी जाड, हिरवटपणा जाऊन तपकिरी होऊ लागलेली, रोग नसलेली फांदी निवडा. सोबत ओलं फडकं न्या. घरी आल्यावर १५ ते २० सेंटिमीटरचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ, म्हणजे फांदी उलटी लागत नाही. मुळं बहुतेक त्या खालच्या डोळ्यापाशीच फुटतात, म्हणून खाली लांब दांडा सोडला तर तो नुसता कुजतो. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. कळ्या असतील तर त्याही खुडा, कितीही जीव गुंतला तरी. रेतीत आधी काडीनं भोक पाडा, मग फांदी सोडा, नाहीतर पावडर वरच घासून जाते. दोन डोळे आत जाऊ देत आणि भोवती बोटांनी घट्ट दाबा.

तुळस, पुदिना, मनीप्लांट पाण्याच्या ग्लासातही लागतात. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की मातीत लावा.

प्रत्येक कुंडीवर नाव आणि तारीख लिहा, शाई पावसात जाणार नाही अशा पेननं. पंधरा दिवसांत जास्वंदीला कोवळं पान येतं आणि मुळं फुटली असं वाटतं. तसं नसतं, ते पान फांदीतल्या साठ्यावर आलेलं असतं. उपटून बघू नका. जास्वंदीला महिना-दीड महिना द्या, बोगनवेलीला त्याहून जास्त. बुडाशी काळं पडून साल चिमटीत सुटून आली तर ते कलम काढून टाका आणि त्याची रेती दुसऱ्याला वापरू नका. रोपं जमिनीत जाणार असतील तर चतुर्थीच्या आसपास, माती ओली असतानाच. ऑक्टोबरच्या उन्हाआधी मुळांना निदान तीन-चार आठवडे मिळायला हवेत.