गिटारच्या ब्रिजचे स्क्रू सैल होतात? आधी या चुका टाळा

गणपती तोंडावर आले की माझ्याकडे गिटारी यायला लागतात. दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उभं राहून शहापूरला घरी पोचावं, तर कट्ट्यावर कुणीतरी काळी बॅग मांडीवर घेऊन बसलेला असतोच. "काका, तार झणझणायलीय बघा की ओ." बॅगेची चेन उघडायच्या आधीच मी सांगतो, सॅडलचा स्क्रू असणार. बहुतेक वेळा तोच निघतो.

ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग, आणि सॅडल म्हणजे त्यावर एकेका तारेखाली बसलेला छोटा ठोकळा. तोच म्हणजे या सॅडलमधला, तारेची उंची लावायचा ग्रब स्क्रू. डोकं नसलेला, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा. १९५४ साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार आली तेव्हापासून तिच्या ब्रिजवर सहा सॅडल आणि प्रत्येकाला असे दोन, म्हणजे एकूण बारा स्क्रू. आपल्याकडे पोरं वाजवतात त्या स्वस्तातल्या गिटारींवरही बहुधा हीच रचना असते. बारापैकी एक हलला तरी कार्यक्रम बसतो.

एक पाय अधांतरी ठेवणे

ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय की आता राग येत नाही, नुसता कंटाळा येतो.

या स्क्रूला धरून ठेवायला काही नसतं. नट नाही, वॉशर नाही. तार सॅडलला दाबते, सॅडलचं ओझं स्क्रूवर येतं, स्क्रू खालच्या पत्र्यावर टेकतो. त्या दाबाने आट्यांत जेवढं घर्षण होतं तेवढ्याच्या जोरावर तो जागेवर राहतो. दाब गेला की त्याला अडवणारं कुणी नाही, आणि वर जाडी तार सेकंदाला ८२ वेळा थरथरतेय, बारकी ३३० वेळा. कारखान्यात एखाद्या मशीनचा बोल्ट असा मोकळा ठेवला तर संध्याकाळपर्यंत तो खाली ट्रेमध्ये सापडेल.

नवशिका काय करतो? सॅडल वर घ्यायचं म्हणून हाताला सोपा पडेल तो एकच स्क्रू फिरवतो. सॅडल कलतं, सगळं ओझं त्या एकट्यावर जातं आणि दुसरा पत्र्याला शिवतसुद्धा नाही. चहाच्या गाड्यावरचं बाकडं तीन पायांवर डुलतं ना, तसं. मग तो दुसरा स्क्रू आपोआप फिरत फिरत वर येतो, आणि पोरगा म्हणतो स्क्रूच खराब आहे. स्क्रू बिचारा चांगला असतो, त्याला काम दिलेलं नसतं.

तपासायला काही लागत नाही. तार सुरात असताना प्रत्येक स्क्रूच्या टोकाखाली बसच्या तिकिटाचा कपटा सरकवून बघा. कपटा आत गेला तर तो पाय अधांतरी आहे.

माझी पद्धत अशी. आधी तार निम्मी सैल करायची. मग दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव पाव फेरा. एम-३, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीच्या, स्क्रूच्या आट्यांचं अंतर अर्धा मिलिमीटर असतं, म्हणजे पाव फेऱ्याला मिलिमीटरचा आठवा भाग. यापेक्षा मोठ्या घाईत काहीच मिळत नाही. स्क्रू उजवीकडे फिरवला की तो खाली उतरतो आणि सॅडल वर येतं, इथे अर्धे लोक गोंधळतात. उंची कमी करायची असली तरी मी आधी हवी त्यापेक्षा थोडं जास्त खाली जातो आणि मग वर येऊन थांबतो. शेवटचा फेरा नेहमी चढता. मग तार सुरात आणायची आणि बाराही स्क्रूंना चावी, म्हणजे षटकोनी ॲलन की, लावून किंचित फिरवून बघायचं. प्रत्येकाने हाताला विरोध केला पाहिजे. एखादा लोण्यात सुरी जावी तसा फिरला तर त्याला टेकेपर्यंत खाली घ्यायचा.

गोंद ओतणे

मागच्या गणपतीतली गोष्ट. खानापूरकडचा पोरगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गल्लीतल्या मंडपात त्यांच्या ग्रुपचा कार्यक्रम. तिसऱ्या गाण्याला त्याची 'जी' (G) सुराची तार अशी काही बोलायला लागली की मिरजेच्या कारागिराने कान टवकारले असते. तिकडे तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी, म्हणजे मुद्दाम आणलेली झणझण, काढायला माणसं तासन्‌तास बसतात, याच्या गिटारला ती फुकटात लागली होती. पोराने वाजवणं रेटलं, पण दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन कट्ट्यावर हजर.

बघतो तर त्या 'जी' तारेच्या सॅडलच्या दोन्ही स्क्रूंत चावीच जाईना. भोकं भरलेली. विचारलं, काय केलंस? आधी काही नाही म्हणाला. मग म्हणाला, स्क्रू सारखा सैल व्हायचा म्हणून मित्राने झटपट गोंदाची पाच रुपयांची ट्यूब दिली, एकेक थेंब सोडला. आणि गंमत म्हणजे त्यातला एक स्क्रू अधांतरीच होता. म्हणजे याने दोष काढला नाही, कायमचा चिकटवून ठेवला.

सॅडल ब्रिजवरून सोडवलं, व्हाइसमध्ये धरलं आणि स्क्रूच्या तोंडावर सोल्डरिंगची इस्त्री टेकवून बसलो. गोंद उष्णतेने मऊ पडतो. नेलपॉलिश रिमूव्हरनेही सुटतो, पण ते गिटारवर असताना वापरू नका, रंग आणि प्लास्टिक दोन्ही खातं. भोकं सुईने कोरून चावी बसवली. एक स्क्रू सुटला. दुसऱ्याची षटकोनी खाच गोल झाली होती, कारण साहेबांनी माझ्याकडे यायच्या आधी पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सगळे प्रयोग करून झाले होते. तो उद्यमबागेत नेऊन ड्रिलने पोखरून काढला, त्यात सॅडलचे आटे गेले. नवीन सॅडल मागवलं. ते येईपर्यंत विसर्जन होऊन गेलं.

मी काहीच लावत नाही असं नाही. लॉकटाइटसारखं आटे धरणारं द्रव्य असतं, पण त्यात रंग बघून घ्या. जांभळं, म्हणजे २२२ नंबरचं, बारक्या स्क्रूंसाठीच असतं आणि साध्या चावीने सुटतं. निळं या कामाला जास्तच आहे. लाल तर हातही लावू नका. ते सोडवायला अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं, तेवढ्यात गिटारचं काय होईल ते तुम्हीच बघा. कारखान्यातल्या मामाकडून मागून आणलेली बाटली बहुधा लाल किंवा निळीच असते, म्हणून ही सूचना.

स्क्रू काढून स्पिरिटने पुसायचा, सुईच्या टोकावर येईल एवढंच द्रव्य मधल्या आट्यांवर लावायचं, परत बसवून लगेच उंची लावायची आणि एक रात्र गिटारला हात लावायचा नाही. हे शेवटचं कुणी पाळत नाही. खरं सांगायचं तर मी स्वतः अजूनही नेलपॉलिश वापरतो. आट्यांवर एक टिपका, हवं तेव्हा सुटतं, घरात असतंच. यावरून घरात एकदा वाद झालाय, तेव्हापासून माझी बाटली वेगळी.

पण द्रव्य असो की नेलपॉलिश, दोन्ही पाय टेकल्यानंतर. आधी नाही.

बाकीच्या, थोडक्यात

चुकीची चावी. अमेरिकन फेंडरला ०.०५० इंचाची ॲलन की लागते, म्हणजे १.२७ मिमी. बऱ्याच आशियाई गिटारींना १.५ मिमीची. पहिलीत १.२५ मिमीची चावी बसल्यासारखी वाटते आणि खाच गोल करते. हार्डवेअरच्या दुकानात इंची सेट वेगळा मागून घ्या.

चुकीचा स्क्रू. अमेरिकन सॅडलचे आटे इंची असतात, एका इंचात ४०. त्यात एम-३ दोन फेरे जातो, मग अडतो, मग लोक जोर लावतात, मग आटे जातात.

टेफ्लॉन टेप. हायड्रॉलिकवाल्यांच्या गावात हे होणारच होतं. एकाने एवढ्याशा स्क्रूला टेप गुंडाळून आणला होता. मी नुसता बघत बसलो.

पावसाळ्यात गंज दिसला म्हणून ब्रिजवर तेलाचा फवारा मारणे. तेलाने आटे आणखी मोकळे होतात. फडक्याला एक थेंब लावून पुसा, आणि वाजवून झाल्यावर हाताचा घामही पुसा, गंज तिथूनच लागतो.

दहाच्या तारा (सगळ्यात बारकी ०.०१० इंच जाडीची) काढून नऊच्या (०.००९ इंच) घालणे आणि ब्रिजकडे न बघणे. दहाच्या सेटचा एकूण ताण साधारण ४६ किलो, नऊचा ३८. तारेचा दाब कमी झाला की कालपर्यंत गप्प असलेले स्क्रू बोलायला लागतात. सेट बदलला की बाराही तपासा.

सॅडल इतकं खाली नेणे की स्क्रू वर येऊन तळव्याला टोचतील. सतराव्या पडद्यावर १.६ मिमी उंची बहुतेकांना पुरते. त्याखाली जायचं असेल तर आधी नेकचा, म्हणजे गिटारच्या दांड्याचा, कोन बघा.

फेंडरचीच जॅझमास्टर गिटार असेल तर थोडी माफी आहे. १९५८ पासून तिच्या तारा ब्रिजवरून फार उथळ कोनात मागे जातात, दाबच कमी पडतो, स्क्रू सैल होणं तिच्या रक्तातच आहे. तिथे जांभळं लावाच.

आणि स्क्रू फरशीवर पडला तर आईला झाडू मारू देऊ नका. चुंबक फिरवा. स्टेनलेसचा असेल तर चुंबकही बहुधा कामाचं नाही, मोबाइलचा टॉर्च लावून गुडघ्यांवर बसा.