मीन बीन मशीनचे टास करण्याआधी : नाशिकच्या गटासाठी तयारीची यादी

दिवाळीच्या सुटीत गंगापूर रोडवर जमून आपला गट 'डॉ. रोबॉटनिक्स मीन बीन मशीन' या खेळाचे टूल-असिस्टेड स्पीडरन, म्हणजे टास (साधनांच्या मदतीने एकेक फ्रेम ठरवत खेळ कमीत कमी वेळात संपवणे), करायला बसणार आहे. गटातील बहुतेकांनी आजवर धावण्या-उड्या मारण्याच्या खेळांचेच टास पाहिले आहेत. येथे मात्र वरून जोडीने पडणारे रंगीत बीन रचून एकाच रंगाचे जुळवायचे असतात, समोर संगणकाने चालवलेला प्रतिस्पर्धी असतो आणि त्याचा पट वरपर्यंत तुंबल्याशिवाय फेरी संपत नाही. म्हणून तयारीतला मोठा वाटा त्या प्रतिस्पर्ध्याला ओळखण्यासाठी राखून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

सर्वप्रथम खेळाची प्रत निश्चित करावी. सेगाने हा खेळ १९९३ मध्ये आपल्या मेगा ड्राइव्ह या व्हिडिओ गेम यंत्रासाठी काढला आणि तो कंपाइल कंपनीच्या 'पुयो पुयो'वर बेतलेला आहे. एनटीएससी या टीव्ही पद्धतीच्या मेगा ड्राइव्हवर सेकंदाला सुमारे ५९.९२ फ्रेम (पडद्यावरची चित्रे) पडतात, तर पाल पद्धतीच्या यंत्रावर सुमारे ४९.७०, त्यामुळे दोन पद्धतींतल्या वेळा एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. आपण एनटीएससीच धरावी. रोमची, म्हणजे खेळाच्या प्रतीची, फाइल मूळ कार्ट्रिजमधून नीट उतरवलेली असावी, तिचा एसएचए-१ हॅश (फाइल ओळखण्याचा ठसा) वहीत लिहून ठेवावा आणि काम करणाऱ्या प्रत्येक संगणकावर तोच हॅश येतो याची खात्री झाल्यावरच पुढे जावे.

एम्युलेटर (खेळाच्या यंत्राची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम) म्हणून बिझहॉक घ्यावा, त्यात जेनेसिस प्लस जीएक्स हा कोअर, म्हणजे नक्कल करणारा गाभा, निवडावा आणि सर्वांनी एकच आवृत्ती ठेवावी. काम अर्ध्यावर असताना कोणीही ती अद्ययावत करू नये. इनपुट भरण्यासाठी त्यातील टास-स्टुडिओ वापरावा, कारण तिथे प्रत्येक फ्रेमची एक ओळ समोर दिसते, हवी ती ओळ बदलता येते आणि पर्यायी चाली वेगवेगळ्या शाखांत जपून ठेवता येतात. सुटीच्या आसपास परतीच्या पावसात वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांनी यूपीएसची बॅटरी आधीच तपासून घ्यावी, आणि रोज रात्री प्रकल्पाची फाइल दुसऱ्या जागी उतरवून ठेवावी.

कोणत्या प्रकारचा रन करायचा, हेही बैठकीआधीच ठरलेले असावे. खेळात पासवर्डची सोय असली तरी आपला रन यंत्र चालू होण्याच्या क्षणापासून सुरू व्हावा आणि आर्म्सपासून डॉ. रोबॉटनिकपर्यंतचे १३ही प्रतिस्पर्धी त्यात हरवले जावेत. काठिण्यपातळी एकदाच ठरवावी; माझे मत सर्वात कठीण पातळीच्या बाजूने आहे, कारण फ्रेम-फ्रेमने खेळण्याची मुभा असताना सोपी पातळी निवडण्याचे समर्थन करणे अवघड जाते.

आता खऱ्या तपासणीकडे येतो. मेगा ड्राइव्हची मुख्य रॅम ६४ किलोबाइट आहे, त्यामुळे रॅम सर्च या एम्युलेटरमधील शोधसाधनाने त्यात हवी ती जागा शोधणे कठीण नाही, पण त्यासाठी धीर लागतो. दोन्ही बाजूंचे पट, पडत असलेली जोडी, पुढची जोडी, प्रतिस्पर्ध्यावर पडायचे राहिलेले रिफ्यूजी बीन (आपण बीन मिटवल्यावर त्याच्या पटावर पडणारे अडथळ्याचे बीन) आणि यादृच्छिक संख्यांचे बीज (ज्या आकड्यावरून त्या संख्या निघतात तो), एवढ्या जागा सापडल्या की त्या रॅम वॉचमध्ये नावानिशी लावाव्यात. बीज शोधताना पुढील चाचणी करावी: फेरी सुरू होण्याच्या अगदी आधी सेव्हस्टेट करावी, म्हणजे खेळाची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवावी, बटण एक फ्रेम उशिरा दाबावे, मग दोन फ्रेम, मग तीन, आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना येणाऱ्या जोड्यांचे रंग क्रमाने लिहून काढावेत. उशिराने क्रम बदलला, तर बीज फ्रेमगणिक पुढे सरकते असे समजावे. बदलला नाही, तर कोणत्या कृतीने ते सरकते याचा शोध मेनूपासून पॉजच्या बटणापर्यंत सर्वत्र घ्यावा. सात फ्रेम थांबल्याने एक जोडी कमी रचावी लागणार असेल, तर त्या सात फ्रेम आनंदाने द्याव्यात. पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासून घेतात आणि घड कोणत्या डोळ्यात आहे हे कळल्यावरच कात्री लावतात. सुरुवातीची फ्रेम निवडण्याआधी आपलीही तपासणी तितकीच पक्की असावी. हे हाताने लिहून काढण्यात एक-दोन संध्याकाळ गेल्यावर ज्याला लुआ ही प्रोग्रामिंग भाषा येते त्याने छोटी स्क्रिप्ट लिहावी, म्हणजे शेकडो सुरुवातींच्या जोड्या ती आपोआप नोंदवेल.

प्रतिस्पर्ध्यासाठी वेगळी वही करावी आणि तेराही जणांना तीत स्वतंत्र पाने द्यावीत, कारण प्रत्येकाची खेळण्याची रीत निराळी आहे. कोण जोडी सावकाश खाली येऊ देतो, कोण ती झपाट्याने आदळतो, कोणत्या रकान्यात कोणाचा ढीग आधी चढतो, हे सेव्हस्टेट मागे-पुढे करून नोंदवावे. या नोंदींना एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की आपली चेन (एका जुळणीमुळे पुढची आपोआप होत जाणारी साखळी) संपली तरी रिफ्यूजी बीन लगेच पडत नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या हातातली जोडी टेकल्यावरच ते कोसळतात. म्हणजे त्याची जोडी नुकतीच वरून निघालेली असताना आपली चेन संपली तर आपला वेळ वाया जातो, आणि तीच चेन त्याची जोडी टेकण्याच्या बेतात असताना संपली तर काहीच वाया जात नाही. शिवाय या खेळात, मूळ 'पुयो पुयो'प्रमाणेच, येणारे बीन उलट चेनने रद्द करता येत नाहीत. ती सोय १९९४ च्या 'पुयो पुयो त्सू'मध्ये आली. त्यामुळे आपण पाठवलेला भार परतवला जाण्याची भीती नाही आणि पहिला पुरेसा मोठा घाव निर्णायक ठरू शकतो.

पुरेसा म्हणजे किती, याचा हिशेब चेन रचण्याआधी कागदावर मांडलेला असावा. पट ६ रकान्यांचा आणि १२ ओळींचा, म्हणजे ७२ घरांचा आहे. प्रतिस्पर्धी स्वतःच्या हाताने जेवढी घरे भरतो तेवढा आपला भार हलका होतो. चार किंवा अधिक एकरंगी बीन जुळले की ते मिटतात, आणि मिटलेल्या बीनची संख्या गुणिले १०, त्याला गुणिले चेन, रंग आणि गटाच्या बोनसची बेरीज, यांतून गुण ठरतात व गुणांवरून रिफ्यूजी बीनची संख्या ठरते. येथे नवख्याचा कल लांबलचक, देखणी चेन रचण्याकडे असतो. पण चेनची प्रत्येक कडी मिटायला आणि वरचे बीन खाली यायला फ्रेम लागतात, आणि तेवढा वेळ प्रतिस्पर्ध्यावर काहीच पडत नाही. एका फटक्यात दोन रंग मिटवणारी छोटी चेन कित्येकदा सरस ठरू शकते. म्हणून प्रत्येक फेरीसाठी निदान दोन आराखडे तयार ठेवावेत आणि दोन्ही शेवटपर्यंत चालवून फ्रेमच मोजाव्यात.

डॉ. रोबॉटनिकच्या फेरीसाठी वेगळा विचार लागतो. टासची वेळ यंत्र चालू झाल्यापासून शेवटच्या इनपुटपर्यंत मोजली जाते, तेव्हा अखेरची जोडी हव्या त्या रकान्यावर वळवून सोडून द्यावी, ती आपल्या वजनाने सावकाश खाली यावी आणि तिच्या टेकण्याने चेन सुटावी, अशी रचना शक्य आहे का ते पाहावे. असे केल्याने पडद्यावरचा शेवट लांबतो, पण नोंदीतली वेळ घटते. मात्र त्यानंतर कोणतेही बटण न दाबता खेळ समाप्तीच्या दृश्यापर्यंत आपोआप पोचतो, हे आधी तपासलेले असावे.

काम चालू असतानाच सोबतचा मजकूर लिहीत जावे: कुठे थांबलो, का थांबलो, कोणता आराखडा किती फ्रेमनी हरला. रन टासचा आहे हे त्या मजकुरात आणि चित्रफितीच्या पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहावे. २००३ मध्ये मोरिमोतो यांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'चा सुमारे ११ मिनिटांचा रन इंटरनेटवर पसरला, तेव्हा तो हाताने खेळलेला आहे असा पुष्कळांचा समज झाला आणि खरा प्रकार कळल्यावर फसवणुकीची भावना उमटली. त्या कामातले कौशल्य त्या गदारोळात झाकले गेले. आपल्या कामाच्या वाट्याला ते येऊ नये, ही मला मनापासून काळजी आहे.

पहिल्या बैठकीला येताना प्रत्येकाने हॅश जुळवलेला, एम्युलेटर बसवलेला आणि आर्म्सची फेरी हाताने खेळून पाहिलेली असावी. रॅमच्या जागा एकाने, जोड्यांचे क्रम दुसऱ्याने आणि प्रतिस्पर्ध्याची वही तिसऱ्याने सांभाळावी. त्या दिवशी फक्त आर्म्सचीच फेरी भरावी. ती दोन वेगळ्या संगणकांवर शेवटच्या फ्रेमपर्यंत सारखी चालली, की मगच फ्रँकलीचे पान उघडावे.