टायर बदलण्याची वेळ ओळखताना या चुका टाळा

उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी टायरमधली हवा मुद्दाम थोडी कमी ठेवावी, म्हणजे ती तापून फुगली तरी टायर फुटणार नाही, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की पंपावर हवा भरणारेही कधीकधी तोच सल्ला देतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. या सततच्या वाकण्याने रबरात उष्णता साठत जाते, आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि समृद्धी महामार्गावर ताशी 120 किलोमीटरने न थांबता धावताना असा टायर फुटण्याचा धोका फार वाढतो. धावताना दाब 4-5 पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) वाढणार, हे धरूनच गाडीच्या कंपनीने दाबाचा आकडा ठरवलेला असतो. तो बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेला असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल दाबाचा असतो, त्यामुळे हवा त्या आकड्यापर्यंत भरू नये. दाब सकाळी, टायर थंड असताना मोजावा, आणि वाटेत गरम टायरमधली हवा कधीही सोडू नये, कारण तो निवल्यावर दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा खाली जातो.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. कोकणात जायच्या आदल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायरची नक्षी ठळक दिसली आणि मी निश्चिंत झालो. संध्याकाळी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकाच्या आतल्या कडेवरून सहज हात फिरवला, तर बोटाला तार टोचली. बाहेरून जवळजवळ नवा दिसणारा टायर आतून पार गोटा झाला होता, कारण अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बिघडूनही मी बरेच महिने ते करून घेतले नव्हते. म्हणून टायर नुसता बघू नये, त्यावरून तळहात फिरवावा. एकच कड घासली असेल तर अलाइनमेंट तपासावे. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा बराच काळ कमी राहिली आहे, आणि फक्त मधला पट्टा घासला असेल तर ती जास्त भरली गेली आहे. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे) बघावे. कारण दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर तेही तसेच घासतात.

नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, असे कायदा सांगतो. खाचांच्या तळाशी रबराचे आडवे उंचवटे असतात, आणि ते कुठे आहेत हे टायरच्या खांद्यावरची ‘टीडब्ल्यूआय’ (TWI) ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण दाखवतो. नक्षी त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. माझे मत मात्र असे की पावसाळ्याच्या तोंडावर खोली 3 मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर बदलूनच टाकावा. उथळ खाचांतून पाणी वेगाने बाहेर पडत नाही, टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि ब्रेक दाबूनही गाडी पुढे घसरत राहते.

गाडी फार चालत नाही म्हणून टायर चांगलाच असेल, असेही समजू नये. बाजूवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनंतरच्या क्रमांकातील शेवटचे 4 आकडे वाचावेत: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी, आणि बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी टायर बदलावा. स्टेपनीलाही हेच लागू आहे, आणि तिचीच तपासणी सर्वांत जास्त राहून जाते.

खड्ड्यात चाक आदळल्यानंतर बाजूवर फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेले असतात. त्याला दुरुस्ती नाही. बाजूवरचे पंक्चरही काढून वापरू नये. ते फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातले, आणि छिद्र सुमारे 6 मिलिमीटरपर्यंत असेल तरच काढावे.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवी जोडी मागे बसवून घ्यावी, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळणारी गाडी असली तरीही. दुकानदार अनेकदा नवे टायर पुढे बसवतो, पण ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणे भल्याभल्या चालकांनाही जमत नाही.