आरजीबी पंखे मदरबोर्डला जोडताना या चुका टाळा

कॅबिनेटच्या एका आरजीबी, म्हणजे रंगीत दिव्यांच्या, पंख्यातून दोन वायरी निघतात आणि त्या दोघींचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. ही एवढी गोष्ट ज्याला पंख्यांची पेटी फोडण्यापूर्वीच ठाऊक असते, त्याने या लेखातील निम्मा मजकूर वाचला नाही तरी चालेल. एक वायर मोटरची असते. तिच्या टोकाला ३ किंवा ४ पिनांचा कनेक्टर असतो आणि ती सीपीयू फॅन, चॅसिस फॅन किंवा सिस्टिम फॅन असे छापलेल्या हेडरवर, म्हणजे मदरबोर्डवरील उभ्या पिनांच्या जागेवर, बसते. दुसरी वायर फक्त दिव्यांची असते आणि तिचा हेडर मदरबोर्डवर वेगळ्याच जागी असतो. तरीही 'पंखा फिरतो आहे पण दिवे लागत नाहीत, म्हणजे पंखाच सदोष आहे' हे वाक्य मला इतक्यांदा ऐकावे लागते की, आता मी समोरच्याचे बोलणे पूर्ण होण्याआधीच टॉर्च शोधू लागतो. मोटर फिरते यावरून दिव्यांच्या जोडणीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

बसते म्हणून जोडणे

दिव्यांच्या वायरीचे दोन प्रकार असतात. साध्या आरजीबीचा कनेक्टर ४ पिनांचा असून तो १२ व्होल्टवर चालतो. त्यात एक वायर वीजपुरवठ्याची आणि उरलेल्या तीन लाल, हिरव्या व निळ्या रंगांच्या असतात, त्यामुळे पंख्यातील सगळे दिवे एका वेळी एकच रंग दाखवतात. एआरजीबी, म्हणजे ॲड्रेसेबल आरजीबी, ५ व्होल्टवर चालते. त्याच्या कनेक्टरमध्ये चार पिनांची जागा असली तरी पिना तीनच असतात: ५ व्होल्ट, डेटा, मग एक रिकामी जागा आणि शेवटी ग्राउंड. येथे प्रत्येक एलईडीच्या आत स्वतःची नियंत्रक चिप असते आणि म्हणूनच रंग पंख्याभोवती फिरताना दिसतात. त्या इवल्याशा चिपला १२ व्होल्ट सोसत नाहीत. चूक लक्षात येऊन वायर काढेपर्यंत सहसा सगळे आटोपलेले असते.

कनेक्टर घडवणाऱ्यांनी ती रिकामी जागा बुजवून ठेवली आहे ती याच कारणासाठी. एआरजीबीचा कनेक्टर १२ व्होल्टच्या चार पिनांवर बसूच नये म्हणून. पण उतावळ्या माणसापुढे कोणतीही खबरदारी टिकत नाही. ओळखीच्या एका तरुणाने सहा एआरजीबी पंखे आणले. त्याच्या जुन्या मदरबोर्डवर ५ व्होल्टचा हेडर नव्हताच, १२ व्होल्टचा मात्र होता. कनेक्टर बसेना, कारण बुजवलेल्या भोकासमोर हेडरची तिसरी पिन आडवी येत होती. तेव्हा या गृहस्थाने बारीक कटर घेतला आणि ती पिन मुळापासून छाटून टाकली. मग कनेक्टर अर्थातच छान बसला. संगणक सुरू करताच सहाही पंखे क्षणभर लखलखले, प्लास्टिक तापल्याचा वास आला आणि दिवे विझले; मोटरी मात्र निवांत फिरत राहिल्या. पंखे फिरत असल्यामुळे जोडणी बरोबरच आहे आणि मालच वाईट निघाला, असे ठरवून त्याने पंख्यांचा नवा संच आणला व तो त्याच हेडरला लावला. दुसरा संचही पहिल्याच्या वाटेने गेला, तेव्हा कुठे तो कॅबिनेट घेऊन माझ्याकडे आला.

टॉर्चच्या उजेडात छाटलेली पिन दिसायला वेळ लागला नाही. ती लाल रंगाची पिन होती, म्हणजे त्या हेडरवर पुढे कधी १२ व्होल्टची दिव्यांची पट्टी लावली असती तरी लाल रंग आता मिळणार नव्हता. गंमत अशी की, बोर्डच्या पुस्तिकेत हेडरची आकृती होती आणि तिच्याशेजारी १२ व्होल्ट हा आकडाही छापलेला होता. स्वतःच्या कंट्रोलरवर चालणारा, पॉवर सप्लायमधून थेट वीज घेणारा एआरजीबी हब, म्हणजे अनेक पंखे एकत्र जोडण्याची पेटी, लावून त्याचे काम पहिल्याच दिवशी भागले असते; शेवटी आम्ही तेच केले.

हेडरवरील नावे कंपनीगणिक बदलतात, हे मान्य आहे. एमएसआयच्या अनेक बोर्डांवर १२ व्होल्टच्या हेडरला जेआरजीबी आणि ५ व्होल्टच्या हेडरला जेरेनबो म्हणतात. गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर हीच जोडी एलईडी-सी आणि डी-एलईडी या नावांनी येते. म्हणून मी नावावर न जाता व्होल्टचा आकडा पाहतो, आणि तो बोर्डवर व पंख्याच्या वायरीवर असा दोन्हीकडे सापडल्याशिवाय काहीही जोडत नाही. काही स्प्लिटरना, म्हणजे एका हेडरचे अनेक फाटे करणाऱ्या वायरींना, चारही भोके मोकळी असलेले सॉकेट असते. तेथे रिकामी जागा अडवायला काहीच नसल्यामुळे कनेक्टर चुकीच्या हेडरवर किंवा उलटाही बसू शकतो. अशा वेळी सॉकेटवरील छोटा बाण हाच एक आधार असतो आणि तो बोर्डवरील ५ व्होल्टच्या पिनेकडेच यायला हवा. उलट चूक, म्हणजे १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर लावणे, सहसा एवढी महागात पडत नाही. दिवे लागत नाहीत इतकेच.

एकाच हेडरवर सगळा भार

दुसरी चूक तातडीने काही जाळत नाही, म्हणून ती जास्त काळ टिकते. एआरजीबीच्या एका हेडरची मर्यादा बहुतेक बोर्डांवर ५ व्होल्टला ३ अँपिअर असते. प्रचलित प्रकारची एलईडी पूर्ण तेजाने पांढरी पेटली की, तीन रंगांचे मिळून सुमारे ६० मिलिअँपिअर घेते. भागाकार केला की कळते, अशा ५० एलईडींतच तो हेडर संपतो. एका पंख्यात १६ एलईडी धरल्या तरी चौथा पंखा लावताच हिशेब मर्यादेबाहेर जातो. पुष्कळ पंख्यांच्या एलईडी याहून कमी प्रवाह घेतात, हे खरे. पण ते गृहीत धरण्याऐवजी पंख्याच्या खोक्यावरील दिव्यांचा अँपिअरचा आकडा वाचावा आणि पंख्यांच्या संख्येने गुणावे. मोटरचा आकडा त्यात मिसळू नये, तो वेगळा हिशेब आहे.

भार वाढल्याचे लक्षण ओळखणे सोपे आहे. पांढरा रंग निवडल्यावर पहिला पंखा पांढरा दिसतो आणि साखळीतील शेवटचे पंखे पिवळसर किंवा लालसर पडू लागतात. लांब वायरींतून जाताना व्होल्टेज घसरते. निळ्या आणि हिरव्या दिव्यांना लाल दिव्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून ते आधी मंदावतात आणि लाल तेवढा मागे उरतो. शंका आली की मी सॉफ्टवेअरमधून तेज अगदी कमी करतो. तेवढ्याने पंखे एकसारखे दिसू लागले तर दोष पंख्यांचा नसून भाराचा आहे, असे मी समजतो आणि पॉवर सप्लायच्या सॅटा कनेक्टरमधून वीज घेणारा हब बसवतो. अशा हबमध्ये वीज पॉवर सप्लायकडून येते आणि मदरबोर्डकडून फक्त डेटाचा संकेत. हबची सॅटा वायर जोडायला विसरून 'हबच बंद पडला' म्हणणारे लोकही कमी नाहीत.

मोटरच्या हेडरची मर्यादा बहुधा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट असते. पंखा थांबलेल्या अवस्थेतून सुटताना नेहमीपेक्षा जास्त प्रवाह ओढतो, म्हणून स्टिकरवरील आकड्यांची बेरीज काठोकाठ नेण्यात शहाणपण नाही. एका हेडरवर तीनपेक्षा जास्त पंखे मी लावत नाही. ही माझी सवय आहे, नियम नव्हे. सॅटा कनेक्टर कमी पडले म्हणून मोलेक्स या जुन्या वीज कनेक्टरवरून सॅटा करणारा, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेला स्वस्त ॲडॅप्टर लावण्याचा मोह मात्र कुणालाही होऊ नये. त्याच्या आतील तारा एकमेकींना टेकून वितळल्याची उदाहरणे आहेत, आणि दिव्यांच्या हौसेपायी आग विकत घेण्यात अर्थ नाही.

साखळी आणि स्प्लिटर यांतील गल्लत

स्प्लिटरने जोडलेल्या सगळ्या पंख्यांना एकच संकेत मिळतो, त्यामुळे ते एकमेकांची नक्कल करतात. एकातून दुसऱ्यात अशी साखळी केली की रंग पहिल्या पंख्यापासून शेवटच्यापर्यंत वाहत जातो, पण मग सॉफ्टवेअरमध्ये एलईडींची एकूण संख्या बरोबर भरावी लागते. ती कमी भरली तर शेवटचे पंखे काळोखात राहतात किंवा एकाच रंगावर अडकतात. साखळीत तिसऱ्या पंख्यापर्यंत दिवे लागून पुढचे सगळे बंद असतील, तर दोष तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या जोडात शोधावा. पाचवा आणि सहावा काढून त्यांचा निकाल लावण्यात वेळ घालवू नये.

एका ओळीत आटोपणाऱ्या चुका

स्प्लिटरवर एकाच पंख्याचा वेग दिसतो, कारण वेग सांगणारी पिन मुद्दाम एकाच फाट्याला दिलेली असते. बाकीचे पंखे बंद आहेत असा त्याचा अर्थ नाही.

३ पिनांचा पंखा सतत पूर्ण वेगाने ओरडत असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, त्या हेडरचा मोड पीडब्ल्यूएमवरून (संकेताने वेग बदलणे) डीसीवर (व्होल्टेजने वेग बदलणे) आणावा.

सीपीयू फॅनचा हेडर मोकळा ठेवून प्रोसेसरचा पंखा दुसरीकडे लावल्यास अनेक बोर्ड सुरू होतानाच त्रुटी दाखवून थांबतात.

कंपनीच्या खास कंट्रोलरसाठी बनवलेले ६ पिनांचे पंखे मदरबोर्डच्या हेडरवर बसत नाहीत; त्यांना त्यांचाच कंट्रोलर लागतो.

हब रिमोटच्या मोडमध्ये असेल तर मदरबोर्डचे सॉफ्टवेअर कितीही बदलले तरी रंग हलत नाहीत. हबवरील किंवा रिमोटवरील सिंकचे बटण आधी दाबावे.

एकाच वेळी दोन कंपन्यांची आरजीबी सॉफ्टवेअर चालू ठेवली की दोन्ही एकाच हेडरसाठी भांडतात आणि दिवे लुकलुकतात. एक काढून टाकावे.

सगळे बसवून झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबणे

नवशिक्यांची ही घाई मला कधीच समजलेली नाही. सहा पंखे चोवीस स्क्रूंनी आवळायचे, वायरी बोर्डच्या मागे नेऊन केबल टायने करकचून बांधायच्या, मागचे पॅनेल लावायचे आणि मग पहिल्यांदा बटण दाबायचे. एखादा पंखा पेटला नाही की हे सगळे उलट्या क्रमाने उसवत बसायचे. मी प्रत्येक पंखा कॅबिनेटबाहेर, टेबलावर ठेवून एकेकटा जोडून पाहतो आणि मगच आत बसवतो. दर वेळी वायर काढता-घालताना पॉवर सप्लायचे मागचे बटण बंद करतो, प्लग काढतो आणि बोर्डवरचा छोटा दिवा विझेपर्यंत थांबतो. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टीवर एकच क्रमांक लिहितो. त्याच वेळी हवा कोणत्या बाजूला जाते तेही पाहून घेतो. नेहमीच्या पंख्यात ती मोटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या बाजूने बाहेर पडते. दिवे छान दिसावेत म्हणून पुढचे पंखे उलटे बसवले की तेच हवा बाहेर फेकू लागतात आणि ग्राफिक्स कार्ड तापते. दर्शनी बाजू आत ठेवूनही हवा आत हवी असेल, तर उलट्या पात्यांचे पंखे मिळतात, ते घ्यावेत.

संगणक बंद केल्यावरही दिवे जळत राहिले, तर काही बिघडले असे समजून वायरी ओढू नयेत. बोर्डला स्टँडबायची वीज मिळत असते आणि अनेक बोर्ड तीच दिव्यांना देतात. बायोसमध्ये ईआरपी नावाचा वीजबचतीचा पर्याय चालू केला की बहुतेक बोर्डांवर ते बंद होतात. मात्र त्याबरोबर कीबोर्डवरून किंवा नेटवर्कवरून संगणक जागा करण्याची सोयही जाते. ती वापरत असाल तर ईआरपीला हात न लावता मदरबोर्डच्या आरजीबी सॉफ्टवेअरमध्ये संगणक बंद असतानाच्या दिव्यांचा वेगळा पर्याय शोधावा.