सारस गणनेला जाताय? वेळ आणि दिशा लिहा

गेल्या वर्षी जूनमध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका मामा तलावावर (माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव) मी सारस पक्षी मोजायला बसले होते. फटफटलं तशी पलीकडच्या काठावरून एक जोडी उठली आणि थेट डोक्यावरून गेली. मी मान वळवून बघतच राहिले. कागदावर लिहिलं, ‘मोठी जोडी, उडाली.’ किती वाजता, कुठल्या बाजूला, काहीच नाही. दुपारी सगळ्यांचे कागद एकत्र केले, तर शेजारच्या तलावावरच्या गटानेही एक जोडी उतरलेली नोंदवली होती, पावणेसहाला. तीच का दुसरी? मला सांगता आलं नाही. माझी नोंद बाद झाली. म्हणून यंदा जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

वेळ आणि दिशा. ही मोजणी एकाच सकाळी, सगळ्या ठिकाणी एकदम होते, कारण सारस जागेवर थांबत नाही. रात्री पाण्यात थांबतो, उजाडलं की चरायला बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, निघून जातो. बाघ नदी ओलांडली की तो बालाघाटात, म्हणजे मध्य प्रदेशात, आणि मोजणी तिकडेही होते. जिल्ह्यातला आकडा चाळिशीच्या आत आलेला असताना एक जोडी दोनदा धरली किंवा सुटली, तर पक्षी वाढले की घटले हेच कळत नाही. सारसांच्या घटत्या संख्येची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. आपला कागद ढिला असून कसं चालेल?

पाणी, टोपी, दुपट्टा, बॅटरी हे सांगायला नको. ओआरएसची पाकिटं मात्र घ्याच; पाऊस लागला नसेल तर नऊ वाजताच डोकं तापतं. कपडे मातकट रंगाचे. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते, जास्त मोठी असली की हात थरथरतो. पेन नको, पेन्सिल घ्या आणि ती दोऱ्याने पॅडला बांधा. घामाने ओल्या झालेल्या कागदावर पेन उठत नाही, आणि अंधारात गवतात पडलेलं सापडत नाही.

आदल्या संध्याकाळी जागेवर जाऊन या. याला पर्याय नाही. बसायची जागा ठरवा, आणि तिथे उभं राहून कागदावर तलावाचं साधं चित्र काढा: उत्तर कुठे, देऊळ कुठे, मोहाचं झाड कुठे, विजेची लाईन कुठून जाते. पहाटे झोपेत दिशा कळत नाहीत. ‘डावीकडे गेली’ असं लिहिलंत तर दुपारी त्याचा उपयोग शून्य, तुमची डावी बाजू दुसऱ्याला कशी कळणार? ‘ईशान्येला, देवळावरून’ असं लिहा. घड्याळ त्याच संध्याकाळी मोबाईलशी जुळवा. गटातल्या सगळ्यांचीच जुळवा. मनगटावरचं पाच मिनिटं पुढे असेल तर दोन कागदांचा मेळ बसत नाही.

साडेचारला जागेवर बसलेलं असायला हवं. सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो, पक्षी त्याच सुमाराला हलतात. राखी बगळा उडताना मान आखडून घेतो, सारसाची मान सरळ ताणलेली असते. बसलेला असेल तर डोकं बघा: मोठ्या पक्ष्याचं डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक, पिल्लाच्या डोक्यावर बदामी-तपकिरी पिसं. मोठे किती, पिल्लं किती, वेगळं लिहा. नुसतं ओरडणं ऐकू आलं तर ‘ऐकला’ लिहा, मोजणीत धरू नका. जोडी एकदम साद घालते ती फार लांबवर जाते. ऐकून संख्या लावायचा मोह होतो. पक्षी उठला की आधी घड्याळ बघा, मग दिशा, मग पेन्सिल, आणि मग हवं तेवढं बघत बसा. हा क्रम मी चुकवला होता. फोटो सगळ्यात शेवटी.

शेतकऱ्यांशी बोला. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायचे दिवस असतात, माणसं पहाटेच बांधीत येतात, आणि कुठली जोडी कुठे चरते हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक असतं. धुऱ्यावरूनच, म्हणजे शेताच्या बांधावरूनच, चाला, पऱ्ह्यात पाय पडता कामा नये. त्यांच्या धानातच पुढे पावसाळ्यात सारसाचं घरटं होणार असतं. ते राखायचं की मोडायचं हे त्यांच्या हातात आहे. कोणी घरट्याची जुनी जागा दाखवली तर ऐकून घ्या, लोकेशन कुठेही टाकू नका. उडायच्या वाटेवर विजेच्या तारा आडव्या येत असतील तर तेही लिहा, तारांना लागून सारस मरतात.

ड्रोन नको. आवाज लावून पक्षी बोलावणं नको. जवळ जाणं नको. एकही सारस दिसला नाही तरी ‘शून्य’ लिहा, कागद कोरा देऊ नका. सही करा, तारीख घाला, कागदाचा फोटो काढून ठेवा. आणि गटप्रमुखाच्या हातात देण्याआधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून बघा: वेळ आहे? दिशा आहे?